नावाची मूठ

एरंडोल मागे पडल्यावर गाडीने एक खड्डा चुकवला, तसा फ्रीजचा दरवाजा उघडला. प्रमिलाबाई बर्थवरून उठल्या आणि त्यांनी खांदा लावून तो परत बसवला. मुठीला बांधलेली सायकलच्या ट्यूबची पट्टी सैल झाली होती. एका हाताने छताचा दांडा धरून दुसऱ्या हाताने त्यांनी पट्टीला आणखी दोन वेढे दिले. मग दरवाजाला कान लावला.

"प्रेमराज, चालू शे का रे हाऊ?"

"शे ना माय. हिरवा दिवा दिखस ना?"

"दिवानं नको सांगू. आवाज नही येत."

"गार व्हयना म्हनजे थांबस तो. परत चालू व्हई."

प्रमिलाबाईंचे समाधान झाले नाही. आवाज परत सुरू होईपर्यंत त्या फ्रीजला टेकूनच उभ्या राहिल्या आणि गाडीबरोबर झुलत राहिल्या.

फ्रीज घरातलाच होता, एका दाराचा, लालसर रंगाचा. जुनी सतरा सीटची गाडी घेऊन प्रेमराजने तिच्या सीटा काढल्या, दोन बर्थ ठोकले, गॅसची शेगडी आणि पाण्याची टाकी बसवली, आणि बाहेरून 'फिरते घर – सहलीसाठी भाड्याने मिळेल' असे रंगवून घेतले. गाडीत बसवायचा लहान फ्रीज परवडेना, तेव्हा त्याने स्वयंपाकघरातला उचलून लोखंडी अँगलला पट्ट्याने आवळला. गाडी भाड्याने गेली की जळगावच्या घरात फ्रीज नसे. त्याची बायको ज्योती अशा दिवसांत दूध तीनदा तापवी आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "आमचा फ्रीज तोरणमाळला गेलाय हवा खायला."

आज त्या फ्रीजमध्ये दुधाची एक पिशवी आणि पांढऱ्या फडक्यात बांधलेले तीन रोट होते. दुसरे काही ठेवायला प्रमिलाबाईंनी मनाई केली होती.

श्रावणातल्या रविवारी त्यांच्या घरी कानबाई देवी बसे. त्याआधी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ धान्य काढायचे, त्याच दळणाचे पुरण भरलेले रोट करायचे, आणि ते घरच्यांनीच खायचे. पुनवेच्या आत संपवायचे. कणभरही बाहेरच्याच्या तोंडी जाता कामा नये, उकिरड्यावर तर नाहीच. ज्याच्या नावाची मूठ निघाली तो घरचा. ज्याची निघाली नाही त्याच्याविषयी कोणी काही बोलत नसे.

त्यांच्या धाकट्या मुलाची, भूपेंद्रची, मूठ गेल्या वर्षी निघाली नव्हती. त्याच्या आदल्या वर्षी जागरणाच्या रात्री तो पिऊन आला होता. त्याला कानबाईपुढे नाचायचे होते. नाचता नाचता तो चौरंगावर कोसळला, कलश लवंडला, आणि नथ-मंगळसूत्र घातलेला नारळ, म्हणजे प्रत्यक्ष देवी, भाऊबंदांच्या पायांमधून गडगडत उंबऱ्यापर्यंत गेली. बायका किंचाळल्या. प्रेमराजने धाकट्या भावाला सगळ्यांदेखत चपलेने मारले आणि दाराबाहेर ढकलले. वडील गेल्यापासून घरात त्याचाच शब्द चाले. "या घरमा तुनं नाव नही," एवढेच तो म्हणाला होता. भूपेंद्र धुळ्याला गेला, एका तेलगिरणीत लागला आणि हिलाल नावाच्या कामगाराबरोबर एका खोलीत राहू लागला.

यंदा धान्य काढताना प्रमिलाबाईंनी प्रेमराजची मूठ घेतली, नातवांच्या घेतल्या, आणि परत डब्यात हात घातला. प्रेमराज स्वयंपाकघराच्या दारात उभा होता.

"ही कोनी?"

"शे एकनी."

"माय, मी काय म्हंतो व्हतो..."

"देव घरना शे. तुना एकलाना नही."

तो दारातून मागे फिरला. पायांत चपला सरकवून बाहेर निघून गेला.

सोमवारी विसर्जन आटोपून ते घरी आले आणि संध्याकाळी हिलालचा फोन आला. भूपेंद्रला दवाखान्यात घातले होते. पोट फुगले होते, डोळे पिवळे झाले होते. नाकात नळी होती. एकदोन दिवसांत ती काढतील, मग तोंडाने खाता येईल, असे डॉक्टर म्हणत होते.

प्रमिलाबाईंनी रोट फडक्यात बांधले आणि मंगळवारी सकाळच्या एसटीला निघायचे म्हणून चपला दाराशी काढून ठेवल्या. तेव्हा प्रेमराज म्हणाला की नळी कधी निघेल याचा भरवसा नाही. दवाखान्याच्या आवारात या दमट हवेत पुरण दुसऱ्या दिवशी आंबेल. त्यापेक्षा आपली गाडी घेऊन जाऊ. रोट फ्रीजमध्ये राहतील आणि तुलाही रात्री पाठ टेकायला जागा होईल. फक्त ब्रेकचे थोडे काम आहे, ते होऊ दे.

बोलणे शहाणपणाचे होते. प्रमिलाबाईंनी चपला परत आत ठेवल्या. मंगळवार गेला, बुधवार गेला. ब्रेकला तसे फारसे काही झालेले नव्हते. गॅरेजवाल्याने पहिल्याच दिवशी चाक परत बसवले होते, आणि त्यानंतर प्रेमराज त्याच्या बाकावर बसून संध्याकाळ होण्याची वाट पाहत असे. धाकट्यासमोर उभे राहून पहिला शब्द कोणता बोलायचा, हे त्याला अजून सुचले नव्हते.

आज गुरुवार होता. पुनव शनिवारी होती.

"नळी निंघनी व्हई ना रे आते?" प्रमिलाबाईंनी मागून विचारले.

"निंघनी व्हई."

"दूधमा कुस्करी देसू. तठे लोकं शेतस, कोनले दखाडानं नही. तू पडदासारखा उभा राह्य."

"बरं."

"आनि तू बोलजो त्याना संगे. नुसता उभा नको राहू."

प्रेमराजने आरशात पाहिले. आई फ्रीजकडे तोंड करून बसली होती. त्याने गिअर बदलला.

पारोळा ओलांडून काही अंतर गेल्यावर इन्व्हर्टर किरकिरू लागला. हिरवा दिवा जाऊन लाल लागला. प्रमिलाबाई एवढ्या जोरात ओरडल्या की प्रेमराजने गाडी जवळजवळ घसरतच एका हॉटेलासमोर घेतली. पत्र्याची शेड, दोन बाकडी, भज्यांची कढई. हॉटेलमालकाने गाडीवरची अक्षरे वाचली आणि कंबरेवर हात ठेवून आत डोकावला.

"सहलीले निंघनात का भाऊ? आरे, फ्रीज भी संगे! टीव्ही घर सोडी ऊनात का आक्का?"

"टीव्ही तू लई दे," प्रमिलाबाई म्हणाल्या. "आमले फ्रीज पुरस."

मालक हसला. प्रेमराज पान्हा घेऊन बर्थखाली वाकला. बॅटरीची वायर हलली होती, एवढेच होते. त्याने नट आवळला, दिवा हिरवा झाला, फ्रीज एकदा थरथरून चालू झाला. प्रमिलाबाईंनी दरवाजावर तळवा ठेवला आणि पहिल्यांदाच चहा मागितला.

प्रेमराज खाली उतरून चहा सांगत होता तेव्हा फोन वाजला. त्याचे हात काळे होते. दोन बोटांनी त्याने फोन उचलला आणि शेडच्या कडेला, कपाशीच्या बांधाजवळ जाऊन उभा राहिला.

"प्रेमराजभाऊ, कोठे शेतस तुम्ही?" हिलाल विचारत होता.

"पारोळाना पुढे. येस एक तासमा."

"हां." मागे कोणीतरी स्ट्रेचर ओढत असल्याचा आवाज येत होता. "मंग आते घाई करू नका भाऊ. गाडी सावकाश चालावा. भूपा गया. अर्धा तास व्हयना व्हई."

प्रेमराज "बरं" म्हणाला. फोन बंद झाल्यावरही त्याने तो कानाला तसाच धरून ठेवला. समोर कपाशीला पाती लागली होती. एक म्हातारा वाकून निंदत होता, आणि बराच वेळ प्रेमराज त्याचाच हात पाहत राहिला. मग त्याने दोन्ही तळवे शर्टाला पुसले. शर्ट सकाळीच धुऊन इस्त्री केलेला होता. छातीवर वंगणाचे दोन लांब पट्टे उमटले.

हॉटेलमालकाने त्याच्या हातात दोन पेले दिले. "साखर कमी टाकेल शे, आक्कानी सांगं तशी."

तो पेले घेऊन गाडीकडे आला. प्रमिलाबाई खिडकीशी होत्या. सगळा रस्ता ज्या बाईने त्याला एकही किलोमीटर स्वस्थ बसू दिले नव्हते, तिने फोन कोणाचा होता हे विचारले नाही. तिने त्याच्या शर्टाकडे पाहिले, मग तोंडाकडे.

तो पायरी चढला. चहा शेगडीच्या ओट्यावर ठेवला. काहीतरी करायला हवे म्हणून त्याने फ्रीजच्या मुठीची ट्यूब आवळायला हात पुढे केला.

"तू हात नको लावू."

आवाज मोठा नव्हता. प्रेमराजचा हात तिथेच थांबला. सुतक कळल्यापासून लागते. ज्याने ऐकले त्याला लागते, दुसऱ्या गावी असलेल्या आणि अजून न ऐकलेल्याला लागत नाही. आणि सुतक लागलेल्याने देवीच्या रोटाला शिवायचे नसते, खायचे तर नाहीच. त्याला हे तिनेच शिकवले होते. त्याने हात मागे घेतला.

"माय..."

"काहीच बोलू नको." प्रमिलाबाईंनी डोळे मिटले आणि उघडले. "खाले उतर. तठेच बस."

तो उतरला आणि दाराच्या खालच्या पायरीवर बसला. पाठ आईकडे करायची की तोंड, हे त्याला ठरवता येईना. शेवटी तो अर्धवट वळून बसला.

प्रमिलाबाईंनी टाकीच्या नळाखाली हात धुतले. ट्यूब सोडली. फडके बर्थवर न ठेवता मांडीवर घेतले आणि उलगडले. गार पडलेले रोट दगडासारखे झाले होते, वरचे तूप पांढरे होऊन थिजले होते. त्यांनी पातेलीत दूध ओतले, पहिला रोट मोडून त्यात घातला, आणि तो मऊ होण्याची वाट न पाहता खायला सुरुवात केली. त्यांना एकाच बाजूने चावता येई. साखरेच्या आजारामुळे घरी कानबाईच्या दिवशीही त्या पुरणाचा घासच घेत असत.

पहिला रोट संपला. दुसरा त्यांनी भराभर खाल्ला, जवळजवळ न चावता. हायवेवरून केळ्यांचा ट्रक गेला आणि गाडी हलली. त्यांनी पातेली छातीशी धरली.

तिसऱ्याच्या मध्यावर घास अडकला. त्यांनी गळ्यावर हात ठेवला, मान वर केली. प्रेमराज अर्धवट उठला. त्यांनी त्याला तळवा दाखवला. पाणी प्यायल्या, थांबल्या, नाकाने श्वास घेतला आणि पुढचा तुकडा मोडला.

हॉटेलमालक रिकामे पेले न्यायला आला होता. पेले भरलेलेच होते, चहावर साय धरली होती.

"आक्का एकलीच जेवी राह्यनी का? भाऊले नही दिधं?"

"जेवू द्या तिले," प्रेमराज म्हणाला.

त्याच्या आवाजात काय होते कोण जाणे, मालक पेले न घेताच परत गेला आणि लांब जाऊन त्याने एकदा वळून पाहिले.

शेवटचा घास बराच वेळ तोंडात राहिला. तो गिळल्यावर प्रमिलाबाईंनी फडके उजेडात धरले, बोटाने त्यावरचे कण टिपले आणि जिभेवर ठेवले. पातेलीत पाणी घालून ते खळबळून प्यायल्या. मग त्याच पातेलीत हात धुतले आणि ते पाणीही प्यायल्या. फडक्याची घडी घालून कमरेला खोचली. फ्रीजचा दरवाजा लावला. आत आता फक्त उरलेले दूध होते, तरी ट्यूबला दोन वेढे देऊन त्यांनी नेहमीसारखी गाठ मारली.

त्या बर्थवर दाराकडे तोंड करून बसल्या. तोंड पुसले. पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला, आणि दोन्ही हात रिकाम्या मांडीत ठेवले.

"हं," त्या म्हणाल्या. "आते सांग."