हवेवरची गाडी

"गाडीना पाळणा नको करू वं माय," द्रौपदाबाईंनी सुनेला सांगितलं होतं. "पाळणामा मोठा मानूसबी झोपी जास."

सविता तेव्हा हसली होती. सासूबाई मेथी निवडत होत्या, बोलल्या आणि पुन्हा मेथीकडे वळल्या. जुन्या माणसांना जुना खडखडाटच बरा वाटतो, असं म्हणून सवितानं ते तिथंच सोडून दिलं.

खडखडाट तरी केवढा! तिच्या नवऱ्याचा, प्रशीलचा ट्रक त्याच्या वडिलांच्या वेळचा. चाकांवरचे स्प्रिंगचे लोखंडी पाटे इतके ताठ झालेले, की असोद्याची केळी भरून सुरतेला निघाला की रस्त्यातला खडा न् खडा त्याच्या मणक्यात जाऊन बसायचा. घरी आला की तो फरशीवर पालथा पडायचा, आणि कंबर सैल होईपर्यंत कुणाशी बोलायचा नाही. कधी कधी तसाच दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपायचा. सविता बीएस्सी झालेली. लेक यशू झाल्यापासून तिची स्वतःची झोप उडालेली. बाळाचा श्वास बघ, गॅसचं बटण बघ, नवऱ्याचा फोन लागतो का बघ. अशाच एका जागरणात तिनं मोबाइलवर वाचलं, की जुन्या गाडीलाही पाट्यांच्या जागी हवेचे रबरी फुगे बसवता येतात. धुळ्यातलं गॅरेज तिनंच शोधलं, प्रशीलला तिनंच तयार केलं. ट्रकस्टँडवर भटू ड्रायव्हरनं चिडवलं, "प्रशीलभाऊ, आते एक उशीबी बसाडी ले." सगळे हसले, प्रशीलही हसला.

आणि खरंच, गाडी बदलली. कॉम्प्रेसरची हवा भरली की ट्रक जरासा वर उठायचा, झोपेतून उठलेल्या बैलासारखा, आणि मग रस्त्याला न टेकताच चालल्यासारखा चालायचा. केळीवर डाग पडेनात. व्यापारी खूश. प्रशील घरी यायचा तो ताठ उभा, यशूला खांद्यावर घ्यायचा, चहा प्यायचा आणि पुढच्या खेपेला निघायचा. जरा पड ना, असं सविता म्हणायची. कंबर दुखतच नाही तर पडू कशाला, असं तो म्हणायचा. ते तिलाही पटायचं. तिनंच तर ती कंबर बरी केली होती.

वैशाखात ती यशूला घेऊन धुळ्याला माहेरी गेली होती. परत येताना सुरतेहून रिकामी येणारी गाडीच तिला न्यायला थांबली. पारोळा मागे पडला. ऊन असं, की पुढचा रस्ता पाण्यासारखा हलत होता. पण केबिनमध्ये काहीच हलत नव्हतं. यशू मांडीवर निजली. कापूस वेचून रिकामी झालेली काळी रानं दोन्हीकडून हळूहळू सरकत होती, आणि सविताला वाटलं, रानंच चाललीत, आपण एका जागी आहोत. मग रानांवर पांढरं काही तरंगू लागलं. कापूस परत बोंडांत येऊन बसत होता. आई धुळ्याच्या घरातून हाक मारत होती आणि घर मात्र ट्रकच्या बरोबरीनं, अलगद, रस्त्याच्या कडेनं चाललं होतं. कधी नव्हे ती सविता झोपली होती.

तिला जाग आली ती काचेवर घासणाऱ्या फांदीनं. बाभळीची फांदी. बाभूळ इतकी जवळ कशी? डांबर उजवीकडे राहिलं होतं. ट्रक कडेच्या मातीत उतरला होता, तोही इतका मऊ, की चाक रस्ता सोडून गेल्याचं अंगाला कळलंसुद्धा नव्हतं. प्रशीलचे हात स्टिअरिंगवर होते, मान किंचित कललेली, चेहरा यशूसारखाच निवांत.

"प्रशील!"

त्यानं ब्रेक दाबला. गाडी धुळीत थांबली. पुढे नाला होता, त्यावर कठडा नव्हता. यशू उठली नाही.

प्रशीलनं इंजिन बंद केलं. मग तो म्हणाला, "मी दमलोच नव्हतो गं. कंबर कुठं दुखत होती माझी?"

सविताला तेव्हा कुठं कळलं. इतकी वर्षं त्याला थांबवत होती ती कंबर. कंबर ओरडली की तो निजायचा. आता ती गप्प होती, आणि झोप कुणालाच न विचारता आत येऊन बसली होती.

त्यांनी फुगे काढले नाहीत. केळीला ते बरे, मणक्याला बरे. प्रशील आता निघण्याआधी झोपतो, दुखो न दुखो, आणि द्रौपदाबाई दारात बसून त्याला कुणी उठवणार नाही हे बघतात. वाटेत डोळे जड झाले तर गाडी सावलीला लावायची, असंही ठरलं आहे. पण वाटेवर सविता नसते.

म्हणून तिचं तुमच्याकडे एक मागणं आहे. धुळ्याच्या रस्त्यानं जाताना निळ्या केबिनचा जुना ट्रक झाडाखाली उभा दिसला, तर जरा थांबा, काचेतून डोकावा. प्रशील आडवा होऊन झोपलेला असेल तर झोपू द्या. आणि तोच ट्रक चालता दिसला, अगदी अलगद कडेकडे सरकत असलेला, तर हॉर्न वाजवा. तो मान वर करेपर्यंत वाजवत राहा.