जपून प्या

प्राचार्य राकुरोंनी पोस्टरची गुंडाळी कॅन्टीनच्या फळीवर ठेवली आणि दुपारच्या सभेआधी लावायला सांगितलं. लोसालीनीने ती उलगडली. 'एनर्जी ड्रिंक जपून प्या, जाणून प्या.' खाली कोपऱ्यात कंपनीचं चिन्ह, तिच्या पाठीमागच्या फ्रीजवर होतं तेच.

सुवा शहरातल्या त्या कॉलेजात ती एकवीस वर्षं चहा आणि उकडलेले कसाव्याचे कंद विकत होती. दोन वर्षांपूर्वी कंपनीने रग्बी संघाला कपडे दिले, कॅन्टीनला फ्रीज दिला आणि राकुरोंनी तिची शहाळी मागच्या खोलीत ठेवायला लावली. एनर्जी ड्रिंकचे डबे डोळ्यांसमोर हवेत, असं कंपनीच्या करारात होतं म्हणे. परीक्षा आली की पोरं जेवणाऐवजी डबेच पितात, हे तिने दोनदा त्यांच्या कानावर घातलं. दोन्ही वेळा ते हसले.

गेल्या आठवड्यात इसिकेली सरावात कोसळला. एकोणीस वर्षांचा, संघाचा कणा. डॉक्टरांनी वाचवला, पण हृदयाचे ठोके बिघडले होते, खेळ कायमचा सुटला.

सभेत राकुरो म्हणाले, मुलांमध्ये जागरूकता नाही, आणि विकणाऱ्यांनीही भान ठेवायला हवं होतं. सगळ्या माना लोसालीनीकडे वळल्या. ती उठली.

"त्या दिवशी तीन डबे मीच दिले त्याला, सर. नाही म्हणत नाही. पण फ्रीजच्या कागदावर सही कुणाची, तेही सांगा ना पोरांना. आणि हे पोस्टर कुणी छापून दिलं, तेही."

"लोसालीनी, आपण नंतर बोलू."

"नंतर नंतर करतच दोन वर्षं घालवलीत तुम्ही."

पोस्टर त्यांच्यासमोर टाकून ती बाहेर पडली. कुणी अडवलं नाही.

संध्याकाळी ती इसिकेलीच्या घरी निघाली. अंगाची लाही लाही होत होती, पण चालता चालता राकुरो मागे पडले आणि राग तिच्या स्वतःपाशीच येऊन थांबला. इसिकेलीची आई मेरेसेइनी चटईवर बसून पानांच्या पट्ट्या विणत होती. आतल्या खोलीत तो झोपला होता. सभेत न सांगितलेलं लोसालीनीने दारातच सांगितलं.

"तिसऱ्या वेळी त्याचे हात कापत होते गं. मी पाहिलं. तरी दिला."

मेरेसेइनीने हातातली ओळ विणून संपवली. तिने वर पाहिलंही नाही. मग पानांच्या पट्ट्या बाजूला सारल्या आणि चटईवर जराशी सरकून जागा केली.