उतारावरचा ट्रॅक्टर

तिहोमिरचा ट्रॅक्टर कायम घरामागच्या उतारावर उभा असायचा. बॅटरी चार्ज होत नसे, त्यामुळे सेल मारून तो सुरू होईल अशी अपेक्षाच कुणी ठेवली नव्हती. सकाळी तिहोमिर चाकाखालचा दगड काढायचा, वर चढायचा, ब्रेक सोडायचा आणि ट्रॅक्टर घरंगळू लागला की गिअर टाकायचा. बहुतेक वेळा इंजिन सुरू व्हायचं. एकदा झालं नाही, तेव्हा ट्रॅक्टर उताराखालच्या माझ्या कोबीत येऊन थांबला. तिहोमिरने टोपी काढून माफी मागितली आणि यंदा कोबी चांगला भरलाय, असंही म्हणाला.

ऑगस्टच्या शेवटी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तो शहरातल्या दवाखान्यात गेला. तारीख डॉक्टरांनी ठरवली होती, आलुबुखारांना कुणी विचारलं नव्हतं. ती त्याच आठवड्यात पिकली.

त्याच्या बायकोला, देसांकाला, ट्रॅक्टर चालवता येत होता. घरंगळवता येत नव्हता. तिने दवाखान्यात फोन लावला.

"दगड काढ, वर बस, सोडून दे," तिहोमिर म्हणाला. "त्यात काय आहे?"

"त्यात शेजाऱ्याचा कोबी आहे," देसांका म्हणाली आणि दिराला बोलावलं.

दीर म्हणजे गव्रिलो. जन्मभर बस चालवलेला माणूस. कुठल्याही इंजिनाबद्दल त्याचं मत तयार असायचं, आणि ते सहसा वाईट असायचं. तो मीटर घेऊन आला. देसांकाने बॅटरी आधीच घरच्या चार्जरवर लावून भरून ठेवली होती. त्याने ती ट्रॅक्टरला जोडली, सेल मारला, इंजिन सुरू झालं. मग त्याने मीटरच्या तारा बॅटरीला लावल्या.

"साडेबारा व्होल्ट. इंजिन चालू असताना चौदा तरी दाखवायला हवेत."

"म्हणजे काय झालंय?"

"बॅटरी भरणारा अल्टरनेटर मेलाय, वहिनी. मी दादाला कधीचं सांगतोय."

"कधी सांगितलंस?"

"मनात तरी होतंच माझ्या."

बेल्ट घट्ट होता, तारा शाबूत होत्या. गव्रिलोने अल्टरनेटर खोलून काढला, फडक्यात गुंडाळला आणि दोघं तो घेऊन तालुक्याच्या गावी ओब्रादकडे गेले. गाड्यांची विजेची कामं ओब्राद करतो. त्याने अल्टरनेटर टेबलावर बसवला, मोटर लावून फिरवला आणि मीटर त्यांच्याकडे वळवला. चौदाच्या वर होता.

"याला काही झालेलं नाही," ओब्राद म्हणाला. "तुमच्यापेक्षा धडधाकट आहे."

गव्रिलोला राग आला. "मग ट्रॅक्टरवर का झोपतो हा?"

"चावी फिरवल्यावर लाल दिवा लागतो का?"

गव्रिलोने देसांकाकडे पाहिलं. देसांकाने गव्रिलोकडे पाहिलं.

"कुठला लाल दिवा?" तिने विचारलं.

"समोर काट्यांच्या शेजारी असतो तो. सुरुवातीची थोडीशी वीज त्या दिव्यातून अल्टरनेटरला मिळते, तेव्हा तो जागा होतो. दिवा गेला की हा नुसता गरगरत बसतो."

घरी येऊन गव्रिलोने अल्टरनेटर परत बसवला आणि समोरची पत्र्याची पट्टी उघडली. लाल काच जागेवर होती. मागे बल्ब नव्हता. उडालेला वगैरे नव्हे, नव्हताच. त्याच्या तारेचं टोक काळ्या चिकटपट्टीने नीटनेटकं गुंडाळलेलं होतं.

"हे काम आमच्या दादाचं," गव्रिलो म्हणाला. "पट्टी अशी तोच गुंडाळतो."

देसांकाने पुन्हा फोन लावला.

"लाल दिवा? हो, मीच काढला," तिहोमिर म्हणाला. "चावी फिरवली रे फिरवली की जळत बसायचा. बॅटरी खात होता."

"कधी काढलास?"

तिहोमिरने जरा आठवून पाहिलं. "बॅटरी उतरायला लागली ना, त्याच्या थोडं आधी."

देसांका आलुबुखारांच्या रिकाम्या क्रेटवर बसली. कितीतरी हिवाळे हा माणूस अंधारात उठून, बर्फ तुडवत त्या उताराकडे जात होता. दोन नव्या बॅटऱ्या आणल्या, दोन्हींना शिव्या घातल्या. तिच्या तोंडाशी बरंच काही आलं.

"बरं," ती म्हणाली. "गुडघा कसा आहे?"

फोन ठेवल्यावर गव्रिलो तिच्याकडे बघत राहिला. "सांगितलं का नाहीस?"

"टाके आहेत त्याच्या पायाला."

ओब्रादकडून बल्ब आणला. चावी फिरवली, लाल दिवा लागला. इंजिन सुरू झालं, दिवा विझला, मीटर चौदावर गेला. गव्रिलोने छातीवर क्रूसाची खूण केली. देसांकाने इंजिन बंद केलं, परत सुरू केलं, परत बंद केलं. मी कुंपणाशी उभा होतो. तिने मला पाहिलं आणि आणखी एकदा सुरू केलं. मग आलुबुखारांची ट्रॉली जोडून ती स्वतः खरेदी केंद्रावर फेऱ्या मारू लागली.

तिहोमिर कुबड्या घेऊन घरी आला, तेव्हा ट्रॅक्टर अंगणात, अगदी सपाटीवर उभा होता.

"हा इथे कुणी आणला?"

"मी."

"आता सुरू कसा करणार?"

देसांका वर चढली. तिने चावी अर्धी फिरवली आणि तशीच धरली. तिहोमिर त्या लाल ठिपक्याकडे पाहत राहिला. मग तिने चावी पुढे फिरवली, इंजिन लागलं, ठिपका विझला. जेवताना सूप निम्मं झालं तेव्हा त्याने चमचा खाली ठेवला.

"गव्रिलोला माहीत आहे?"

"उघडून त्यानेच पाहिलं."

"म्हणजे गावाला माहीत आहे."

"हो."

तिहोमिरने ब्रेड मोडला. "तू फोनवर का नाही बोललीस?"

"हसण्यापायी तुझा पाय दुखला असता."

"मी कशाला हसलो असतो?"

"तू नाही, तुझ्या खोलीतले बाकीचे. मग तू त्यांच्या अंगावर धावला असतास."

त्याने सूप संपवलं आणि आणखी मागितलं.

उशिरा पिकणाऱ्या झाडांची आलुबुखारं अजून बाकी होती. दुसऱ्या दिवशी ट्रॉली भरली तेव्हा तो कुबड्या टेकत आला आणि मला म्हणाला, "मला वर चढव." मी आणि गव्रिलोने त्याला ट्रॉलीत क्रेटच्या मधे बसवलं, पाय लांब करून. देसांका निघाली. वळणावळणावर तो मागून ओरडत होता, कुठला गिअर टाक, कुठे हळू घे. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू आलं नाही, असं ती संध्याकाळी म्हणाली. मला मात्र माझ्या कुंपणापासून पार पुलापर्यंत त्याचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.