घरटं बांधीत हाय

रविवारी सकाळी चारुलताबाई स्कूटी सुरू करत आणि गोपाळकृष्ण त्यांचा खांदा धरून मागे बसत, तेव्हा बालाघाटच्या त्या गल्लीत सगळ्यांना कळे की दोघं पाखरं पाहायला निघाली. गोपाळकृष्णांच्या गळ्यात दुर्बीण असे. दुर्बीण चांगली भारी होती. तिचा आता काडीचा उपयोग नव्हता, हे गल्लीला ठाऊक नव्हतं, बाईंना होतं.

पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाल्यावर माणसं भजनाला लागतात किंवा सुनेच्या स्वयंपाकात नाक खुपसतात. गोपाळकृष्ण पाखरांच्या नादी लागले. ज्या तलावांच्या पाळी, म्हणजे मातीचे बांध, आणि पाट तपासत उमेदीची वर्षं गेली, त्याच तलावांवर ते आता पहाटे जाऊन गुपचूप बसायला लागले. लालबर्र्याच्या रस्त्यावर मालगुजारांच्या काळातला एक जुना तलाव आहे, तो त्यांचा लाडका. पाळीवर मोहाची झाडं, एका अंगाला कमळं, आणि पाण्याला लागून थेट धानाची शेतं. थंडीत तिथे परदेशची बदकं उतरतात, पावसाळ्यात सारसाची जोडी येते. बाईंना तेव्हा या वेडाचं हसू येई. कन्याशाळेत जन्मभर गणित शिकवलेल्या बाईला कावळा आणि कोकीळ सोडून तिसरं पाखरू ओळखण्याची गरज कधी पडली नव्हती.

मग गोपाळकृष्णांचे डोळे गेले. एकदम नाही, हळूहळू. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडदा झिजत चालला आहे, चष्म्याने भागणार नाही. मधलं पुसलं जाईल, कडेचं थोडं राहील. गोपाळकृष्ण "बरं" म्हणाले आणि पुढच्याच रविवारी तलावावर गेले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ. त्या थंडीत ते पाळीवरून घसरून पाटात पडले आणि मनगट मोडून घेतलं.

भोपाळहून मुलाचा, अनुरागचा फोन आला. त्याला उंटावरून शेळ्या हाकायची सवय. "आई, अब बस. बाबांना दिसत नाही, तो जाते क्यूँ हैं?"

प्रश्न काही खोटा नव्हता. पण हात प्लास्टरमध्ये होता तेवढे दिवस बाईंनी नवऱ्याला पाहिलं होतं. दाढी करणं सोडलं. वर्तमानपत्र उलगडायचं सोडलं. खिडकीकडे पाठ करून खुर्चीत बसायचे आणि विचारलं तर म्हणायचे, काही नाही. हा माणूस डोळ्यांनी नाही, या खुर्चीनं संपेल, अशी बाईंना भीती बसली. त्यांनी अनुरागला सांगून टाकलं, "मी जात जाईन त्यांच्यासंगं. आणि दिसतं त्यांना. अगदीच काही नाही असं नाही."

तेव्हापासून हे सोंग सुरू झालं. रविवार टिकवायचा तर दिसतं असंच धरून चालायला हवं होतं. गोपाळकृष्ण पाळीवरच्या ठरलेल्या दगडावर बसून दुर्बीण डोळ्यांना लावत आणि बाई शेजारी बसून म्हणत, "तो पाहा, त्या कमळांच्या पलीकडे." मग पाखराचं नाव घेत. नावं त्यांनी नवऱ्याच्या खोलीतल्या रंगीत तक्त्यावरून उचलली होती, झाडूपोछा करता करता. समोर पाण्यावर नुसतंच काहीतरी काळं हलत असलं, तरी बाई ठासून सांगत, "थापट्या बदकं आहेत. चार." खोटं बोल पण रेटून बोल. आणि गोपाळकृष्ण दुर्बीण तिकडे वळवून म्हणत, "हं. सुंदर."

एकदा तर दुर्बिणीची झाकणं काढलेलीच नव्हती आणि तरी ते "सुंदर" म्हणाले. परतताना त्यांनी ती झाकणं हळूच काढून पर्समध्ये टाकली. पुन्हा लावलीच नाहीत.

या घरात आणखी एक जुनं सोंग होतं, भाषेचं. गोपाळकृष्णांचे वडील तहसीलीत हेडक्लार्क होऊन बालाघाटला आले, तेव्हापासून दंडक होता की उंबऱ्याबाहेर वाटेल तितकी हिंदी बोला, आत मराठी, आणि तीही पुस्तकातल्यासारखी. सासरे "मी जेवीत आहे, मग पत्र लिहीन" असं बोलत. बाई वारासिवनीच्या, धानाच्या व्यापाऱ्याची मुलगी. लग्नानंतर पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "मले चालते," आणि सासरे पानावरून मान न उचलता म्हणाले, "मला चालतं." सासरे गेले, पण ते काम मुलाने चालू ठेवलं. चाळीस वर्षं 'मले'चं 'मला' आणि 'हौ'चं 'हो' करण्यात गेली. बाई घाबरल्या किंवा चिडल्या की माहेरची बोली तोंडातून निघायचीच, आणि गोपाळकृष्ण शांतपणे ती सुधारायचेच. त्यात दुष्टावा नव्हता. पण कधीतरी एकदा बोलू द्यावं की माणसाला, असं बाईंना वाटे.

पोळा होऊन गेला होता. धान गुडघ्याच्या वर आलं होतं आणि तलाव काठोकाठ भरला होता. त्या रविवारी गोपाळकृष्ण पहाटेपासूनच उठून बसले होते, कारण तलावाला लागून ज्याचं शेत आहे त्या प्रेमलालने मागच्या खेपेला सांगितलं होतं, सारस आलेत. घरातून निघताना गोपाळकृष्ण म्हणाले, "एवढा मोठा पक्षी. माणसाच्या छातीला लागतो. मान लालभडक." मग जरा थांबून, "तो दिसायला हरकत नाही."

तेवढ्या एका वाक्याने बाईंना कळून चुकलं. म्हणजे याला आशा आहे. बदकांचं ठीक होतं, बदकं कशीही निभावली असती. सारस दिसला नाही तर हा पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसेल.

पाळीवर पोचले. बाईंनी खूप पाहिलं. शेतांपलीकडे एक करडं-पांढरं काहीतरी उभं होतं, लांब. त्यांनी बोट केलं, गोपाळकृष्णांनी दुर्बीण लावली, आणि या वेळी "सुंदर" म्हणाले नाहीत. दुर्बीण खाली घेतली, मान वाकडी करून कडेने पाहायचा प्रयत्न केला, आणि मान खाली घातली. बाई चहाचा थर्मास आणायला स्कूटीकडे गेल्या. खरं म्हणजे त्यांना तो चेहरा पाहवत नव्हता.

तेवढ्यात दूरच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, प्रेमलालची हाक आली. हात हलवून तो ओरडत होता, "काकाजीऽ, घरटं बांधीत हाय! घरटं बांधीत हाय जी!"

आता हे वाक्य दोन कानांवर पडलं आणि दोन वाक्यं झाली. धानाच्या, चारी बाजूंनी बांध घातलेल्या वाफ्याला इकडे बांधी म्हणतात. बाईंचं बालपण मामाच्या बांध्यांमध्ये चिखलात गेलेलं. त्यांना लख्ख कळलं की घरटं बांधीमध्ये आहे, सांभाळा. गोपाळकृष्णांनाही बांधी ठाऊक होती. तिला पाणी पोचवण्यातच त्यांची नोकरी गेली होती. पण त्यांच्या कानात वडील बसलेले. जेवीत आहे, लिहीत आहे, बांधीत आहे. त्यांनी ऐकलं ते असं की सारस घरटं बांधतो आहे. म्हणजे अंडी अजून नाहीत. म्हणजे थोडं जवळ गेलं तर काही बिघडणार नाही. एरवी असं करणाऱ्याला त्यांनीच फाडून खाल्लं असतं. पण त्या सकाळी त्यांना तो पक्षी पाहायचाच होता, आणि माणसाला जे हवं असतं तेच ऐकू येतं.

बाईंनी वळून पाहिलं तर दगड रिकामा. गोपाळकृष्ण पाळ उतरून पायाने चाचपत धुऱ्यावरून धानात चालले होते.

"अहो, थांबा! बांधीत हाय ते, बांधीत!"

"ऐकलं," ते मागे न पाहता म्हणाले. "म्हणूनच जातो आहे."

बाई थर्मास टाकून पळाल्या. गुडघे दुखतात, हे त्या दिवशी गुडघेही विसरले. त्या धुऱ्यावर पोचल्या तेवढ्यात गोपाळकृष्णांच्या पुढ्यातलं धान हललं आणि त्यातून तो पक्षी उठला. उठला म्हणजे उठतच गेला. पाय, मग अंग, मग ती लाल मान, आणि मग दोन्ही पंख असे उघडले की पलीकडचं शेत झाकलं गेलं. त्याने मान वर करून जी हाळी दिली ती छातीत वाजली. लांब उभा असलेला दुसरा, त्याचा जोडीदार, तिथूनच ओरडत उडत आला आणि शेजारी उतरला. दोघं पंख पसरून, चोच रोखून उभी. त्यांच्या पायांशी, चिखलपाण्यात काडीकचऱ्याच्या ढिगावर दोन अंडी होती.

गोपाळकृष्ण जागच्या जागी उभे होते. बाईंनी मागून त्यांचा शर्ट मुठीत धरला. ते हलले नाहीत. मान किंचित वाकडी करून, कडेने, ते पाहत होते.

"दिसून राह्यलं का तुमाले?" बाईंनी विचारलं. भीतीने भाषा केव्हाच वारासिवनीला जाऊन पोचली होती.

"हौ," गोपाळकृष्ण म्हणाले. "लाल. केवढं लाल, चारू."

एक एक पाऊल मागे घेत बाईंनी त्यांना धुऱ्यावरून बाहेर आणलं. प्रेमलाल धावत आला होता आणि चिडलेला होता. "काहून उतरले जी तुमी? मी बोंबलून राह्यलो, घरटं बांधीत हाय म्हणून. आमी त्या बांधीचं निंदणं सोडून देलं. पिल्लं निघेपर्यंत आमची बायमाणसंबी पाय ठेवत नाहीत तिथं."

"माझी चूक झाली," गोपाळकृष्ण म्हणाले. "मला वाटलं, बांधतो आहे अजून."

"बांधून कवाच झालं ना! आता काय मजला चढवते का तो?"

मग त्याने म्हाताऱ्याचा चेहरा नीट पाहिला आणि त्याचा राग ओसरला. "बसा काकाजी," तो म्हणाला. "पाणी आणतो. बसते तो परत, घाबरू नका." आणि खरंच, ते दगडावर येऊन बसले तोवर एक सारस चार पावलं टाकून अंड्यांवर बसलाही. धानात तो पुन्हा दिसेनासा झाला.

थर्मास आपटला होता, तरी निम्मा चहा वाचला होता. गोपाळकृष्ण कप दोन्ही हातांत धरून बसले.

"चारू, चक्रवाक दिवाळीच्या आगेमागे येतात," ते म्हणाले.

बाईंनी थर्मासचं झाकण घट्ट लावलं.

"मागच्या रविवारी तू मला चार दाखवलेस. त्याच्या आधी थापट्या. भाद्रपदात थापट्या! ती बिचारी आता हिमालयाच्याही पलीकडे असतील."

बाईंचं तोंड कानापर्यंत तापलं. "मग तेव्हाच काहून नाही सांगितलं? माझं एक अक्षर चुकलं तर सोडत नाही तुम्ही."

"सांगितलं असतं तर तू बोलायची थांबली असतीस." त्यांनी चहाचा घोट घेतला. "मला ते आवडत होतं, तू सांगत होतीस ते. खोटी बदकं का असेनात. फक्त तुला कळू द्यायचं नव्हतं की मला दिसत नाही."

"अहो, गणिताची मास्तरीण मी. कोरा चेहरा करून 'समझ गए मॅडम' म्हणणाऱ्या पोरी जन्मभर पाहिल्या. तुम्ही झाकणं न काढता सुंदर म्हणालात."

गोपाळकृष्णांनी दुर्बिणीच्या काचांवरून बोट फिरवलं. झाकणं कुठे गेली ते त्यांना आत्ता उमगलं. ते हसायला लागले. हसता हसता डोळे भरले आणि त्यांनी ते पुसले नाहीत. बाईंनीच पदराने पुसले.

"आता नावं नाही घेणार मी," बाई म्हणाल्या. "मला नाही येत. जे दिसतं ते सांगेन."

"तसंच सांग. आणि तुला येतं तसं सांग."

बाईंनी पाण्याकडे पाहिलं. थोडा वेळ अवघडल्यासारखं झालं त्यांना, इतक्या वर्षांची सवय. मग म्हणाल्या, "एक हाय तिथं. कमळाच्या पानावर चालून राह्यलं. पायाची बोटं हे लांब लांब, अन् शेपटी कोयत्यासारखी वाकडी. पाऊल असं टाकते जशी नवी नवरी ओल्या फरशीवरून चालते."

"कमळपक्षी," गोपाळकृष्ण म्हणाले. चेहरा नेमका तिकडे वळलेला होता. "आणखी?"

"आणखी एक उघड्या चोचीचं हाय. चोच मिटतच नाही त्याची. आमच्या थोरल्या जाऊबाईसारखं."

"घोंगल," ते म्हणाले आणि पुन्हा हसले. ऊन चढेपर्यंत हे असंच चाललं.

संध्याकाळी अनुरागचा फोन आला. प्रेमलालचा कुणी पुतण्या भोपाळला शिकत होता, तलावावरची बातमी तिकडे आधीच पोचली होती. तो आईवर उखडला होता. "आई, मैंने बोला था ना? शेतात उतरले बाबा. दिसत नाही तर कशाला नेतेस?"

बाईंनी फोन नवऱ्याच्या हातात दिला. या वेळी त्या काही खोटं बोलणार नव्हत्या.

"बाबा, सच बताओ," अनुरागचा आवाज बाहेर ऐकू येत होता. "तुम्हाला तिथे काही दिसतं का?"

गोपाळकृष्णांनी बाईंच्या दिशेने मान किंचित वाकडी केली, सारसाकडे पाहताना केली होती तशी.

"हौ," ते म्हणाले. "दिसते."

अनुरागच्या उभ्या जन्मात बापाच्या तोंडून तो शब्द त्याने ऐकला नव्हता. मग त्याने सावकाश विचारलं, "अगले रविवार को मैं आऊँ? मलाही पाहायचं आहे."

"ये," गोपाळकृष्ण म्हणाले. "पण पाळीवरून पाहायचं. घरटं बांधीत हाय."