बुवापाड्यावरची तबकडी

“आली! आली! आली!”

गच्चीवर मुंगी शिरायला जागा नव्हती. बायका, म्हातारे, कडेवरची पोरं, कंपनीतून सुटून घरी न जाता थेट वर आलेली माणसं, सगळ्यांच्या माना आभाळाकडे. आणि अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या त्या इमारतीवर आभाळात खरोखरच काहीतरी होतं. फिकट निळसर, वाटोळं, परातीएवढं. ते सरकत होतं, थांबत होतं, गिरकी घेऊन पुन्हा जागेवर येत होतं. विमान असं फिरत नाही, पतंग असा फिरत नाही, तारा तर मुळीच फिरत नाही. खोटं कशाला बोलू, क्षणभर मीसुद्धा भान विसरून पाहत राहिले.

पाण्याच्या टाकीला टेकून बांधलेल्या मंचावर आकाशनाथ महाराज उभे होते. अंगात चंदेरी कफनी, हातात माइक. पूर्वी हे गृहस्थ उल्हासनगरला कॅम्प एकच्या बाजारात मोबाईलची कव्हरं विकत. गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंडाळायचा तिथला सराव इथे कामी येत होता.

“घाबरू नका, भक्तांनो! सप्तर्षी मंडळातून आपले पूर्वज आलेत. त्यांची फ्रिक्वेन्सी हाय, आपली बॉडी लो. म्हणून घसा जळणार, डोळ्यांना पाणी येणार, खोकला येणार. येऊ द्या! तो खोकला नाही, सर्व्हिसिंग चाललंय सर्व्हिसिंग! आतला कचरा बाहेर पडतोय. तोंड झाकू नका. खोल श्वास घ्या!”

लोक खोल श्वास घेत होते. घेत होते आणि खोकत होते. जो जास्त खोकेल त्याच्याकडे बाकीचे हेव्याने बघत होते.

मी वृंदा कर्णिक. विठ्ठलवाडीला राहते, फिजिक्स शिकवून निवृत्त झाले आणि तोंडाची फटकळ म्हणून नावाजलेली आहे. तबकडीचे व्हिडिओ बदलापूरपासून कल्याणपर्यंत फिरले, वाहिन्यांच्या गाड्या आल्या, कुणा पुढाऱ्याने ‘हे शत्रूचं ड्रोन नाही कशावरून?’ असं विचारलं, तेव्हा सरकारने चौकशी लावली. अनीश राजे नावाचे तरुण साहेब चौकशी अधिकारी आणि मी विज्ञान सदस्य. कामाचं नाव ‘नागरिकांनी पाहिलेल्या अज्ञात उडत्या वस्तूंबाबत प्राथमिक चौकशी’. नाव इतकं लांब असलं की काम आखूड असतं, हे मला नोकरीतच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही साक्षी घ्यायला निघालो. वाट दाखवायला अस्मिता होती, माझी जुनी विद्यार्थिनी, त्याच इमारतीत राहणारी. घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली मोठी झालेली पोरगी ती, चमत्काराला हात जोडणं तिच्या रक्तात नाही. पण सगळी इमारत गच्चीवर गेल्यापासून तिच्याशी जिन्यात कुणी बोलत नव्हतं.

तिने आम्हाला तिच्या दारासमोरच्या खोलीत नेलं. तिथे सरस्वतीबाई आणि त्यांचे यजमान रामभाऊ राहत. रामभाऊंचा जन्म रसायनाच्या कारखान्यात गेला होता. आता ते खाटेवर उशांना टेकून बसले होते आणि प्रत्येक श्वासाला त्यांचे खांदे वर जात होते. कोपऱ्यातल्या फळीवर महाराजांचा फोटो होता आणि फोटोपुढे, हळदकुंकू वाहून ठेवलेला, दम्याचा पंप.

“हा इथे काय करतोय?” मी विचारलं.

“महाराज म्हणले, पंप म्हणजे जॅमर हाय,” सरस्वतीबाई म्हणाल्या. “तो घेतला की वरचं सिग्नल आत येत नाय. म्हणून देवापुढं ठेवलाय.”

“आणि यांना श्वास कोण देणार? सप्तर्षी?”

रामभाऊ कसनुसं हसले. बोलण्यात दम घालवणं त्यांना परवडत नव्हतं.

अनीश साहेबांनी खाकरून नेहमीचे प्रश्न विचारले. वस्तूचा आकार? रंग? आवाज येतो का? सरस्वतीबाईंनी नीट उत्तरं दिली आणि शेवटी त्यांनीच साहेबांना प्रश्न केला.

“साहेब, तुम्ही आलात, बरं वाटलं. पण एक विचारू? इथं वास सुटतो, डोळे चुरचुरतात, रात्रभर पोरं खोकतात, म्हणून आम्ही सगळ्या बाया सह्या घेऊन किती कचेऱ्या फिरलो. कुत्रं फिरकलं नाय. आणि तबकडी आली म्हटल्यावर तुम्ही गाडी घेऊन जिना चढून आलात. मग आमच्यासाठी मोठं कोण? तुम्ही का तबकडी?”

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं आणि पुन्हा काढलं.

बाहेर आल्यावर अस्मिताने मला दाराचा उंबरा दाखवला. “मॅडम, पूर्वी कुणीतरी जिन्यातून ‘सोडला!’ म्हणून ओरडायचं. म्हणजे कंपनीने गॅस सोडला. की लगेच घराघरात टॉवेल ओला करून या फटीत. लहान पोरांनापण माहीत होतं. आता त्याच वेळेला ‘आली!’ ओरडतात आणि दारं सताड उघडतात.”

“त्याच वेळेला?”

“हो ना. तबकडी आणि वास एकदमच येतात. वास नाय त्या दिवशी तबकडी नाय.”

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तो निळा गोळा म्हणजे वस्तू नव्हतीच. तो नुसता कवडसा होता. कवडशाला पडायला भिंत लागते, आणि आभाळात भिंत नसते. पण थंडीच्या दिवसांत वरची हवा उबदार आणि खालची गार असली की धुराड्याचा धूर वर चढत नाही, छतासारखा आडवा पसरतो. त्या छतावर खालून कुणी झोत मारला तर?

झोत शोधायला फार हिंडावं लागलं नाही. लग्नसराई होती. बुवापाड्यातून न दिसणाऱ्या टेकाडापलीकडे, हमरस्त्याला लागून, लग्नाचा एक भला थोरला लॉन होता आणि त्याच्या फाटकाशी आभाळात झोत फिरवणारा दिवा. वऱ्हाडाला लांबून जागा कळावी म्हणून ठेवलेला. तो रोज संध्याकाळी गरगर फिरत होता. धूर नसला की उजेड वर निघून जायचा, असला की तबकडी.

मी परत येऊन सरस्वतीबाईंना म्हटलं, “तबकडीचं बिंग मी सगळ्यांदेखत फोडते. मग तरी यांना पंप द्याल?”

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. त्या नजरेत किती भीती होती ते मला दिसलं. “फोडा, मॅडम. खोटी निघाली तर त्याच घडीला देते. शपथ घेते यांची.”

एवढ्यावर सगळं अवलंबून होतं. सरकारचा अहवाल गेला खड्ड्यात, मला तो पंप फळीवरून खाली आणायचा होता.

पुढे वास सुटला त्या संध्याकाळी आम्ही कामं वाटून घेतली. अनीश साहेब आणि अस्मिता गच्चीवर, मी लॉनवर. लॉनचे मालक सिंधी गृहस्थ, हात जोडूनच पुढे आले. “मॅडम, शादी का सीजन है, लाइट बंद मत करवाओ, पार्टी नाराज होगी.” मी म्हटलं, बंद नको, फक्त एक जाडसं ब्लँकेट द्या. लाइटवाल्याने दिव्यावर ब्लँकेट धरायचं आणि मी सांगितलं की काढायचं. फोन कानाला लावला. पलीकडे गच्चीचा कल्लोळ ऐकू येत होता.

अस्मिताने महाराजांच्या हातातून सरळ माइक घेतला असावा, कारण तिचा आवाज खणखणीत आला. “ऐका सगळे! मी सांगते तेव्हा तबकडी जाणार. मॅडम, टाका!”

ब्लँकेट पडलं. फोनमधून “गेली!” असा हंबरडा आला.

“आता येणार! मॅडम, काढा!”

“आली!”

पुन्हा टाकलं, पुन्हा काढलं. मी मनातल्या मनात उड्या मारत होते. एवढं ढळढळीत दाखवल्यावर कोण मानणार नाही? मी फोन घट्ट धरून हशा ऐकू यायची वाट पाहू लागले.

हशा आला नाही. माइक परत हिसकावल्याची खरखर झाली आणि महाराजांचा गहिवरलेला आवाज आला.

“पाहिलंत? पाहिलंत, भक्तांनो? ही मुलगी कालपर्यंत नास्तिक होती. आज त्यांनी हिची लाइन डायरेक्ट जोडून दिली! ही बोलते, ते ऐकतात! माताजी आहेत या, माताजी!”

नंतर नुसता गोंधळ. त्यात अस्मिताचा आवाज, रडवेला. “अहो, पाया काय पडताय! लाइट आहे ती, लग्नाच्या हॉलची! मॅडम ब्लँकेट टाकतायत! काकी, तुम्ही तरी नको ना... सरस्वतीकाकी, उठा!”

मी रिक्षा करून धावले. जिन्यात धूर असा कोंदला होता की घसा चिरत गेला. अस्मिता पायरीवर बसून हुंदके देत होती, पावलांवर कुंकू. “काकींनी माझ्या पायावर डोकं ठेवलं, मॅडम. म्हणाल्या, माझ्या माणसाला वाचव.”

खोलीत रामभाऊ निळे पडले होते. दार सताड उघडं. मी फळीवरचा पंप ओढून त्यांच्या तोंडात दाबला, तेव्हा सरस्वतीबाईंनी माझा हात धरला नाही की मदतही केली नाही. त्या नुसत्या उभ्या होत्या. साहेबांच्या गाडीतून आम्ही रामभाऊंना इस्पितळात नेलं. तिथे दोन-चार दिवस नळ्या लावून त्यांनी काढले आणि ते गेले.

अहवाल मी लिहिला. पहिल्या भागात दिवा, दुसऱ्यात धूर. दिवा रोज पेटतो, तबकडी मात्र धूर असेल तेव्हाच दिसते, त्यामुळे खरी चौकशी धुराची करा, असं स्वच्छ शब्दांत. अनीश साहेबांनी तो वर नेला आणि मान खाली घालून परत आणला.

“मॅडम, वरचे म्हणतात, उडती वस्तू कोणती ते विचारलं होतं. धूर आपल्या कक्षेत येत नाही. दुसरा भाग काढलाय.”

“माणूस मेला, राजे.”

“मला माहीत आहे.” ते खरंच दुःखी होते. पण सही त्यांनी केली होती.

लॉनवाल्याला दिवा खाली वळवायची तंबी मिळाली आणि प्रकरण बंद झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी. मला वाटलं, निदान तबकडी तरी गेली. माझा शहाणपणा तेवढ्यावरच खूश होता. महाराजांनी त्याच आठवड्यात जाहीर केलं की पूर्वज आता अदृश्य मोडवर गेलेत. दिसणार नाहीत, फक्त जाणवतील. घसा जळला की समजायचं, आले. माझ्या चौकशीने त्यांचं काम सोपंच केलं होतं. आता त्यांना दिव्याचीसुद्धा गरज उरली नाही, कारखान्याचा धूर पुरेसा होता.

रामभाऊंचा फोटो गच्चीवर लागला. खाली लिहिलं, ‘तबकडीचे पहिले प्रवासी’.

मी सरस्वतीबाईंना भेटायला गेले. त्या रिकाम्या खाटेजवळ जमिनीवर बसल्या होत्या. मी दिव्याची, धुराची, ब्लँकेटची सगळी गोष्ट पुन्हा सांगितली. माझं संपल्यावर म्हणाल्या,

“समजलं मला, मॅडम. त्या दिवशी अस्मिताच्या पाया पडले ना, तेव्हाच आत कुठंतरी समजलं होतं. पण तुमचं खरं मानलं तर यांना मी मारलं. महाराजांचं खरं मानलं तर हे तिकडं सुखात हायेत. तुम्हीच सांगा, कुठलं मानून मी या खोलीत राहू?”

आयुष्यभर मुलांच्या प्रश्नांना उत्तरं दिली, या प्रश्नासाठी मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. “तुम्ही नाही मारलं, बाई. धुराने मारलं. धुराला प्रसाद म्हणणाऱ्याने मारलं. आणि तुमच्या सह्या घेऊन गप्प बसलेल्यांनी मारलं. एवढ्यांचा गुन्हा तुम्ही एकटीने डोक्यावर का घेता?”

तेवढ्यात तो वास आला. आधी नाकाला आंबट, मग घशाला तिखट. वर गच्चीवर पावलं धावली आणि ओरडा झाला, “आली! आली!” मी खिडकीतून पाहिलं. आभाळ कोरं होतं.

सरस्वतीबाई उठल्या नाहीत. मोरीतल्या दांडीवर रामभाऊंचा टॉवेल अजून होता. तो मी भिजवला, पिळला आणि दाराच्या फटीत लावला. आतून मी लावत होते तेव्हा समोर अस्मिता तिचं दार ओढून फटीत टॉवेल कोंबत असल्याचा आवाज आला. सबंध इमारतीत एवढीच दोन दारं बंद झाली.

वाचकहो, ही गोष्ट सांगून मी काही जिंकले नाही, म्हणून उपदेश करायचा माझा हक्क थोडका आहे. तरी सांगते. आभाळात काही दिसलं तर अवश्य बघा, पण जमिनीवरून उजेड कोण मारतंय तेही बघा. घसा जळत असताना कुणी हात जोडायला सांगितलं तर त्या हातांनी आधी नाक झाका. औषध देवापुढे ठेवू नका, आजारी माणसाच्या हातात द्या. आणि तक्रार घेऊन पुन्हा जा. कुणी ऐकणार नाही, हे मला माहीत आहे. मीही दर सोमवारी कचेरीत जाते, सोबत अस्मिता असते. गेल्या सोमवारी बाकावर आमच्या शेजारी सरस्वतीबाई येऊन बसल्या होत्या. तिथले साहेब जेवायला निघून गेले तरी त्या उठल्या नाहीत.