कोंडिभाऊंच्या दहाव्याचं भाषण

कोंडिभाऊंच्या दशक्रियेला घाटावर अवसरीचं सगळं गाव लोटलं होतं. पुढारी आधी शेजारच्या गावचा दहावा उरकून आले होते. माईक हातात घेऊन ते म्हणाले, "असा स्वाभिमानी माणूस होणे नाही. आयुष्यात त्यांनी कधी कुणाकडं काही मागितलं नाही."

बायकांच्या कडेला बसलेल्या त्यांच्या मुलीनं, मंदाकिनीनं, मान खाली घातली. नाना गेल्यापासून तिला सारखे तेच आठवत होते, आणि भाषणातला हा माणूस काही तिचा बाप नव्हता.

मागून दूधगाडीवाले पीरमहंमदचाचा पुटपुटले, "मागत नव्हता? रोज सकाळी गाडी आडवायचा राव! पोरीला मंचरला कालेजात सोड, पुढंच बसव, मागं कॅन हालत्यात, म्हणायचा. लई पिडलं मला."

ऐकून दोघी-तिघी हसल्या. मंदाकिनीची आईसुद्धा पदराआड हसली, आणि मग तिला रडू आवरेना.

शेवटी घरच्यांच्या वतीनं आभार मानायला मंदाकिनीच्या भावाचं नाव पुकारलं. तो उठायच्या आत तीच उठली.

"नाना मागायचे," ती माईकवर म्हणाली. "माझ्यासाठी रोज मागायचे."