न वाजलेल्या घंटीची कहाणी

मित्रांनो, लोकशाहीचा खणखणीत आवाज तो मीच. माझ्या एका टणत्कारासरशी भल्याभल्यांची दातखीळ बसली आहे. आता खरं सांगायचं, तर नगरपालिकेने मला आणलं ते चहा मागवायला.

मी एक जुनी पितळी घंटी आहे. टेबलावर बसायचं आणि डोक्यात टपली बसली की ओरडायचं, एवढंच माझं शिक्षण. मला घडवणाऱ्या ओताऱ्याने कानाशी धरून ऐकलं होतं आणि म्हणाला होता, "हिच्यात खोट नाही." तेवढ्या कौतुकावर मी जन्म काढला.

पुढे मला बढती मिळाली. एका वर्षी अंदाजपत्रकावर लोकांची मतं ऐकताना सभागृहात खुर्च्या उडाल्या. तेव्हा अध्यक्षांनी नियम केला आणि भिंतीवर रंगवून घेतला : 'बोलणाऱ्यास फक्त घंटी थांबवील.' घंटी कधी वाजायची, ते अध्यक्षांचं बोट ठरवी. कोणी त्यांची स्तुती करू लागला, की मला डुलकी लागे. तक्रारवाला मात्र नुसता खाकरला, तरी माझ्या डोक्यात टपली.

मग ती सभा आली. प्रश्न एकच होता : घरपट्टी थोडी वाढवायची, की पाळणाघर बंद करायचं? अध्यक्षांना निवडणूक दिसत होती, त्यामुळे पाळणाघर दिसत नव्हतं. पण त्यांनी शब्द दिला होता, की लोकांचे हात जिकडे जास्त, तिकडे निर्णय.

पहिल्या रांगेत निवृत्त पोस्टमास्तर बसले होते. "पट्टी वाढली तर याद राखा," असं ते चहाआधी एकदा आणि चहानंतर एकदा म्हणाले. त्यांच्या मागे त्यांची सून. ती लॉन्ड्रीत इस्त्री करायची आणि तिचं लेकरू पाळणाघरात असायचं. पाळणाघर गेलं, की तिची नोकरीही गेली.

त्याच चहाने घोटाळा केला. अध्यक्षांचा कप माझ्यावर कलंडला. चहा कसला, पाकच तो! शिपायाने मला वरून पुसलं. "आतलं कोण बघतंय," असं म्हणून तो निघून गेला.

सून उभी राहिली. तिने पदर बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. "माझं म्हणणं असं, की..." एवढं बोलून ती अडली. अध्यक्षांचं बोट उचललं गेलं.

"सूनबाई, खाली बस," पोस्टमास्तर दबक्या आवाजात म्हणाले. "चारचौघांत घरचं काढू नकोस."

"बसते बाबा. एवढं सांगून बसते."

बोट माझ्यावर आदळलं. मी सवयीने तोंड उघडलं. टक्. पुन्हा आदळलं. टक्. आत साखर घट्ट झाली होती.

"वेळ संपली," अध्यक्ष म्हणाले.

"घंटी कुठे वाजली?" मागून बेकरीवाला म्हणाला.

अध्यक्षांनी भिंतीकडे पाहिलं. नियमाखाली त्यांचंच नाव रंगवलेलं होतं.

"पाळणाघर बंद झालं, की मी घरी बसेन," सून म्हणाली. "पट्टी वाढणार नाही, ठीक आहे. पण आहे ती कोण भरणार? आमच्या घराची पट्टी माझ्या पगारातून जाते. बाबांचं पेन्शन औषधांनाच पुरत नाही."

कोणीतरी हसायला गेलं आणि मधेच थांबलं. पोस्टमास्तरांचे कान लाल झाले. सून बसली.

लोकांनी हात वर केले. शिपायाने मोजले, पुन्हा मोजले. बरोबरी. पोस्टमास्तरांचा हात मात्र कुठल्याच बाजूने वर गेला नव्हता. सगळं सभागृह त्यांच्याकडे बघू लागलं. सुनेने मान वर केलीच नाही. मग पाळणाघराच्या बाजूने एक हात हळूहळू कानापर्यंत आला आणि तिथेच थांबला.

"हा हात समजायचा, की कान खाजतोय?" अध्यक्षांनी विचारलं.

"हातच आहे," पोस्टमास्तर म्हणाले. "मोजा."

दाराशी जाताना ते सुनेला म्हणाले, "चारचौघांत बोललीस."

"हो बाबा."

"मग जरा मोठ्याने बोलायचं. मागच्यांना ऐकू गेलं नसेल."

पुढे सभागृहात विजेची घंटा आली. मी अडगळीत धूळ खात पडले. शेवटी शिपायाने मला पाळणाघराच्या खिडकीत आणून ठेवलं. तेव्हापासून मी तुमच्यात आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा. आणि कोणी अडखळत बोलत असेल, तर त्याचं वाक्य पुरं होऊ द्या. पुढचा शब्दच कदाचित कामाचा असेल. तुमच्याकडे माझं आणखी काही मागणं नाही.

फक्त मला चाटू नका. साखर केव्हाच संपली.